होंडा सीबी ७५० फोरची १/६ प्रतिकृती: रंग, धातू आणि बारकावे

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. तामिया या जपानी कंपनीच्या १/६ प्रमाणातल्या होंडा सीबी ७५० फोरचा संच आपण काळजीपूर्वक जोडला, टाकीवर चंदेरी रंगाचा थर देऊन त्यावर पारदर्शक लाल ब्रशने लावला, क्रोमचे भाग संचात आले तसेच बसवले, आणि तरीही पुरी झालेली गाडी शोकेसमधल्या खेळण्यासारखी दिसते. टाकी डाळिंबाच्या दाण्यासारखी दिसायला हवी होती, ती जाड मरून रंगाची आणि डागाळ झाली. चूक नेमकी कुठे झाली, आणि टाकी वाचवता येईल का, असे आपण विचारले आहे.

टाकी निश्चित वाचवता येईल. त्याची पद्धत शेवटी सांगतो. चुकीबद्दल माझे मत असे आहे की ती एका रंगात नसून सगळ्या गाडीत आहे. १९६९ सालच्या खऱ्या गाडीकडे पाहिले तर तिच्यावर चंदेरी रंगाचे निदान सहा-सात प्रकार दिसतात: क्रोमचा आरसा, पॉलिश केलेले ॲल्युमिनियम, ओतीव ॲल्युमिनियमचा खरखरीत पृष्ठभाग, त्यावरचा चंदेरी रंग, जस्ताचा मुलामा दिलेले स्पोक, ब्रेकच्या चकतीचे घासले गेलेले पोलाद. काळ्या रंगाचेही तसेच आहे. संचात मात्र एकच क्रोम, एकच राखाडी प्लॅस्टिक आणि एकच काळे असते. डोळा रंगाची अचूक छटा फार काळ लक्षात ठेवत नाही, पण शेजारशेजारच्या दोन पृष्ठभागांतला फरक तो लगेच टिपतो, आणि तो फरक नसला की समोरची वस्तू प्लॅस्टिकची आहे हे त्याला क्षणात कळते. गेली बावीस वर्षे जुन्या मोटारसायकलींच्या प्रतिकृती करताना माझा निम्म्याहून अधिक वेळ हे फरक निर्माण करण्यातच गेला आहे.

रंगाची बाटली उघडण्यापूर्वी आपण नेमकी कोणत्या वर्षाची गाडी करत आहोत हे ठरवावे लागते. ही मोटारसायकल ऑक्टोबर १९६८ मध्ये टोकियोच्या मोटर शोमध्ये प्रथम दिसली आणि १९६९ पासून विक्रीला आली. ७३६ सीसीचे, एका रांगेत चार सिलेंडरचे इंजिन, मिनिटाला ८,००० फेऱ्यांना ६७ अश्वशक्ती, पुढच्या चाकाला हायड्रॉलिक डिस्क ब्रेक आणि मागे चार स्वतंत्र सायलेन्सर असे तिचे स्वरूप होते. पहिल्या आवृत्तीला पुढे के० म्हटले जाऊ लागले. तिच्या सीटचे मागचे टोक बदकाच्या शेपटीसारखे वर उचललेले असते आणि साइड पॅनेलवर झडपांसारख्या फटी असतात. नंतरच्या के१ मध्ये सीट सपाट झाली आणि त्या फटी गेल्या. रंगाच्या दृष्टीने यातला महत्त्वाचा मुद्दा असा की के० वर टाकी आणि साइड पॅनेल यांच्याबरोबर हेडलाइटची वाटी, तिला धरणारे फोर्कचे वरचे कान आणि कार्ब्युरेटरमागचा एअर बॉक्स हेही टाकीच्याच रंगात असत, तर के१ वर एअर बॉक्स काळा झाला. के० ची सीट बसवून एअर बॉक्स काळा ठेवला, तर जाणकाराची नजर पहिल्यांदा तिथेच अडते. म्हणून एकाच गाडीची, शक्यतो दोन्ही बाजूंची छायाचित्रे मिळवावीत आणि शेवटपर्यंत तीच समोर ठेवावीत. नव्याने दुरुस्त केलेल्या गाड्यांची छायाचित्रे जपून वापरावी लागतात, कारण हौशी मालक अनेकदा कारखान्यात न केलेल्या ठिकाणीही क्रोम करून घेतात.

जोडणीपूर्व तयारीबद्दल फार लिहीत नाही. टाकीचे दोन अर्ध जोडून सांध्यात पुट्टी भरावी, ४०० पासून १००० पर्यंतच्या वॉटर पेपरने घासावे, भांडी घासायच्या सौम्य द्रावणाने धुवावे आणि बारीक कणांच्या प्राइमरचे दोन पातळ हात द्यावेत. प्राइमरवर सांध्याची रेघ अंधूक जरी दिसली तरी पुन्हा मागे जावे. पारदर्शक रंग दोष झाकत नाही. भिंग धरावे तसा तो मोठा करून दाखवतो.

आता लाल रंग. के० च्या आरंभीच्या रंगांत कँडी रूबी रेड, कँडी ब्लू ग्रीन आणि कँडी गोल्ड हे तीन होते, आणि तिघांचे तत्त्व एकच आहे: खाली धातूसारखा चमकदार थर, त्यावर पारदर्शक रंगाचा थर आणि सर्वांत वर जिलई, म्हणजे बिनरंगी चकचकीत थर. प्रकाश वरच्या दोन थरांतून आत जातो, खालच्या धातूवर आपटतो आणि त्याच रंगातून पुन्हा बाहेर येतो. रंगाला जी खोली दिसते ती या दुहेरी प्रवासामुळे. याचा एक परिणाम असा की पारदर्शक थर जितका जाड, तितका रंग गडद होतो. अपारदर्शक रंगाचे पाच हात दिले काय आणि सात दिले काय, छटा तीच राहते. कँडीमध्ये प्रत्येक हात छटा बदलतो. ब्रशने लावताना एका जागी थर जाड आणि दुसरीकडे पातळ होतो. शिवाय दुसरा हात देताना ब्रश पहिल्या हाताला विरघळवून ओढून नेतो. आपल्या टाकीवरचे डाग तेवढ्यामुळेच आले आहेत. या कामाला हवेच्या दाबाने रंग फवारणारा एअरब्रशच हवा, निदान चांगला स्प्रे कॅन तरी हवा.

खालच्या चंदेरी थरात बहुतेकांची दुसरी चूक होते. रंगातले धातूचे कण डोळ्यांना सुटे दिसता कामा नयेत. खऱ्या टाकीवर जो कण हाताच्या अंतरावरून जेमतेम चमकतो, तो सहापट लहान केला की दिसेनासाच व्हायला हवा. मोटारींच्या टचअपसाठी मिळणारा किंवा सजावटीचा चंदेरी रंग वापरला तर टाकीवर चमकी शिंपडल्यासारखी दिसते आणि प्रमाण तिथेच मोडते. मी मिस्टर कलर या ब्रँडचा ८ क्रमांकाचा सिल्व्हर किंवा तामियाचा एएस-१२ हा चंदेरी स्प्रे बाटलीत उतरवून घेऊन वापरतो. काळ्या चकचकीत प्राइमरवर हा थर दिला तर लाल रंग गंभीर होतो, राखाडी प्राइमरवर दिला तर मोकळा होतो. चंदेरीऐवजी फिकट सोनेरी थर घेतला की लाल किंचित केशरीकडे झुकतो आणि ऊबदार दिसतो. आपल्यासमोरच्या छायाचित्राशी कोणता जुळतो हे टाकीवर नव्हे, प्लॅस्टिकच्या चमच्यांवर पाहावे.

चमच्यांची ही चाचणी मी कधीच चुकवत नाही. सहा चमचे घ्यावेत, सहांवर एकसारखा चंदेरी थर द्यावा, मग पहिल्यावर पारदर्शक लालच्या तीन फेऱ्या, दुसऱ्यावर चार, असे आठ फेऱ्यांपर्यंत जावे आणि प्रत्येकाच्या मागे मार्करने आकडा लिहावा. वरून जिलई दिल्यावर ते खिडकीशी, दिवसाच्या उजेडात बघावेत, कारण पिवळ्या बल्बखाली प्रत्येक लाल रंग सुंदरच दिसतो. तामियाचा एक्स-२७ हा पारदर्शक लाल एकटा वापरला तर चेरीसारखा, थोडा गुलाबीकडे जाणारा दिसतो. मी त्यात दहा थेंबांना एक या प्रमाणात एक्स-१९ स्मोक मिसळतो, त्याने तो माणकाच्या जवळ येतो. पातळ करायला लेव्हलिंग थिनर (सावकाश उडणारा, त्यामुळे रंग सपाट बसवणारा) घ्यावा, रंग एक भाग आणि थिनर दोन भाग. एअरब्रशची सुई ०.३ मिलिमीटरची, हवेचा दाब १५ पीएसआयच्या आसपास, अंतर आठ ते दहा सेंटिमीटर. हाताला फेरीची शिस्त लागली पाहिजे: टाकीच्या बाहेर सुरुवात, एकसारख्या वेगाने पार, बाहेर शेवट, आणि पुढची फेरी आधीच्या फेरीवर निम्मी चढलेली.

यातला कळीचा मुद्दा म्हणजे टाकी, दोन्ही साइड पॅनेल, हेडलाइटची वाटी, फोर्कचे कान आणि एअर बॉक्स हे सारे भाग एकाच बैठकीत, एकाच वाटीतल्या रंगाने आणि मोजून तेवढ्याच फेऱ्यांत रंगवायचे असतात. मी एका कागदावर प्रत्येक भागाचे नाव लिहून फेरीमागे एक उभी रेघ ओढतो, म्हणजे कोणता भाग किती फेऱ्यांवर आहे हे आठवावे लागत नाही. टाकी आज आणि पॅनेल पुढच्या रविवारी असे केले की दोन्हींच्या छटा जुळत नाहीत, आणि हे दोन भाग गाडीवर एकमेकांना खेटून बसत असल्याने तो फरक कधीच लपत नाही. टाकीच्या कडा आणि खालचे आत वळलेले भाग यांवर दोन दिशांनी फवारा येऊन रंग दुप्पट चढतो, म्हणून तिथे आधी एक हलकी फेरी देऊन मग पुढच्या फेऱ्यांत तो भाग टाळावा.

आपल्याकडे या कामाचा मोठा शत्रू पावसाळा आहे. मी काही वर्षांपूर्वी जुलैमध्ये डोंबिवलीच्या घरी एका टाकीवर लॅकरची जिलई दिली आणि बघता बघता लाल रंगावर दुधाची साय धरावी तसा पांढुरका पडदा आला. लॅकरमधले द्रावक वेगाने उडते, त्यामुळे पृष्ठभाग सभोवतालच्या हवेपेक्षा थंड होतो आणि दमट हवेतली वाफ त्यावर पाणी होऊन थरात अडकते. हवेतली आर्द्रता ७० टक्क्यांच्या वर असेल तर मी आता जिलईचे काम हातीच घेत नाही, आणि घेणे भागच असेल तर खोली दोन तास एसीच्या ड्राय मोडवर ठेवून, सावकाश उडणारा लेव्हलिंग थिनर वापरतो. पांढुरके पडलेले काम खरवडून काढायची घाई करू नये. कोरडा दिवस बघून त्यावर नुसत्या लेव्हलिंग थिनरचा अगदी पातळ फवारा दिला तर थर पुन्हा मऊ होतो, अडकलेले पाणी निघून जाते आणि बहुतेक वेळा रंग परत येतो. कॉम्प्रेसरच्या नळीत पाणी अडवणारा ट्रॅप मात्र बाराही महिने असावा. लॅकरचे काम करताना सेंद्रिय वाफा अडवणाऱ्या काडतुसांचा मास्क आणि वाफ बाहेर टाकणारा पंखा या दोन गोष्टी मी अनिवार्य मानतो. कापडी मास्क या वाफा अडवत नाही.

टाकीवरच्या पट्ट्यांचे डीकॅल, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायची छापील चित्रे, पारदर्शक लाल आणि शेवटची जिलई यांच्या मध्ये येतात. लालवर जिलईचे दोन पातळ हात देऊन, ते दोन दिवस वाळू देऊन मग डीकॅल लावावे, कारण खरखरीत जागी डीकॅलखाली हवा अडकते आणि ते रुपेरी दिसू लागते. टाकीच्या वळणावर ते बसवायला मऊ करणारे द्रावण लागते, आणि ते लावल्यावर डीकॅल सुरकुतले तरी बोट लावायचे नाही. वाळता वाळता ते आपोआप ताणून बसते. त्यावर जिलईचे पहिले दोन हात धुक्यासारखे हलके द्यावेत, नाहीतर लॅकर डीकॅल खाऊन टाकते. मग तीन-चार भरीव हात, आठवडाभर विश्रांती, २००० च्या वॉटर पेपरने पाण्याखाली हलके घासणे आणि शेवटी तीन टप्प्यांच्या कंपाउंडने घोटणे. डीकॅलची कड बोटाला लागेनाशी झाली की घोटणे थांबवावे. कडांवर कंपाउंड फिरवू नये, तिथे थर सर्वांत पातळ असतो आणि एका क्षणात खालचे चंदेरी उघडे पडते.

क्रोमबद्दल मी थोडा आग्रही आहे. संचातले क्रोम वाईट नसते, पण ते सगळीकडे सारखे असते आणि त्याखालचा प्लॅस्टिकचा सांधा तसाच राहतो. चारही सायलेन्सर दोन अर्धांचे असतात, आणि क्रोम काढल्याशिवाय त्यांची मधली रेघ घालवता येत नाही. घरगुती ब्लीचमध्ये भाग बुडवून ठेवले की मुलामा काही मिनिटांत ते तासाभरात उतरतो. हातमोजे घालावेत, खिडकी उघडी ठेवावी आणि ब्लीचमध्ये आम्ल किंवा अल्कोहोल चुकूनही पडू देऊ नये, त्यातून विषारी पदार्थ तयार होतात. भाग भरपूर पाण्याने धुऊन, पूर्ण वाळवून, मगच उरलेला लॅकरचा पापुद्रा आयसोप्रोपिल अल्कोहोलने काढावा. सांधे साफ झाले की काळ्या चकचकीत रंगाचा थर द्यावा. हा थर आरशासारखा झाला नाही तर वरचे क्रोमही होणार नाही. दोन दिवसांनी त्यावर अल्क्लॅड या ब्रँडचा क्रोम रंग १२ ते १५ पीएसआय दाबाने अगदी कमी मात्रेत फवारावा आणि काळे जेमतेम झाकले जाताच थांबावे. जास्त फवारले की क्रोमचे ॲल्युमिनियम होते. त्यावर जिलई देऊ नये, चमक मरते. मडगार्ड, हँडल आणि हेडलाइटची कडी यांना सांधे नसल्याने त्यांचे मूळ क्रोम ठेवले तरी चालते, मात्र साच्यातून तोडलेल्या जागेचा डाग आतल्या किंवा खालच्या बाजूला जाईल अशी व्यवस्था करावी. फोर्कचे खालचे पाय क्रोमचे नसून पॉलिश केलेल्या ॲल्युमिनियमचे आहेत, तेव्हा तिथला मुलामा उतरवून ते एक छटा मंद करावेत. एवढा एकच बदल केला तरी गाडीचा पुढचा भाग खरा वाटू लागतो.

इंजिनाकडे वळण्यापूर्वी एक प्रसंग सांगतो. पुण्यात नाना पेठेतल्या एका गॅरेजमध्ये मी एकदा येझदी २५० चे इंजिन रॉकेलने पुसले जाताना पाहत बसलो होतो. मिस्त्रींनी फडक्याने दोन हात मारले आणि क्रँककेसचा पुढचा भाग पांढरा झाला, पण फिनच्या, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पातळ पाकळ्यांच्या, मुळाशी काळी रेघ तशीच राहिली, नटांच्या भोवती ओल्या धुळीची कडी राहिली, आणि किक-गिअरच्या दांडीशेजारच्या झाकणावर जिथे वर्षानुवर्षे बूट घासला होता तेवढी जागा आरशासारखी घोटलेली होती. एकाच धातूच्या एकाच भागावर तीन पृष्ठभाग होते, आणि तिन्ही वापराने झालेले होते. त्या दिवशी घरी येऊन मी माझ्या अर्ध्या झालेल्या इंजिनावरचा एकसंध चंदेरी रंग पुसून टाकला.

सीबी ७५० च्या इंजिनाची निदान दोन भागांत विभागणी करावी. सिलेंडर, हेड आणि क्रँककेस यांना मंद, दाणेदार चंदेरी. बाजूची गोल झाकणे आणि वरचे कॅमचे झाकण यांना पॉलिश केलेले ॲल्युमिनियम. आरंभीच्या काही हजार गाड्यांच्या क्रँककेसचा पृष्ठभाग नंतरच्या गाड्यांपेक्षा खरखरीत होता, आणि ही आवृत्ती संग्राहकांत ‘सँडकास्ट’ म्हणून ओळखली जाते. तो पोत आणायला पुट्टी लॅकर थिनरमध्ये ताकासारखी पातळ करून जुन्या, केस कापलेल्या ब्रशने टिपून टिपून लावावी आणि वाळल्यावर ८०० च्या पेपरने नुसता वरचा टोकदारपणा घालवावा. त्यावर तामियाचे एक्सएफ-१६ हे मंद ॲल्युमिनियम घ्यावे, मी त्यात थोडे एक्स-११ क्रोम सिल्व्हर मिसळतो. झाकणांवर अल्क्लॅडचे पॉलिश्ड ॲल्युमिनियम किंवा तत्सम बारीक रंग द्यावा. जुन्या जपानी गाड्यांच्या झाकणांवरचे पारदर्शक लॅकर वर्षांनी पिवळसर पडते. आपल्याला काही वर्षे वापरलेली गाडी दाखवायची असेल, तर तिथे पारदर्शक पिवळ्याचा एक थेंब मिसळलेल्या जिलईचा हलका हात द्यावा. नवी गाडी दाखवायची असेल तर नको.

फिनच्या मधल्या सावल्यांसाठी एनॅमलचा काळपट-तपकिरी वॉश, म्हणजे फटींत उतरणारा अतिपातळ रंग, वापरावा. शुद्ध काळा वॉश ॲल्युमिनियमवर कठोर दिसतो. फिनच्या मुळाशी ब्रशचे टोक टेकवले की रंग स्वतःच फटीतून धावत जातो. तासाभराने एनॅमल थिनरमध्ये जेमतेम ओला केलेला कानकोरणीचा बोळा फिनच्या कडेवरून आडवा फिरवावा, म्हणजे कड स्वच्छ होते आणि मूळ काळे राहते. रंग न दिलेल्या प्लॅस्टिकवर, विशेषतः स्क्रूने ताणलेल्या जागी, एनॅमल थिनर साचू देऊ नये, कारण तिथे प्लॅस्टिक तडकते. माझ्या दोन फ्रेम अशा गेल्या आहेत.

सायलेन्सरकडे जाणाऱ्या नळ्या हेडजवळ तापून रंग बदलतात, आणि हा क्रम बहुतेक प्रतिकृतींवर उलटा असतो. पोलाद तापत जाते तसा त्यावर आधी गवती पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा आणि शेवटी निळा रंग येतो. म्हणजे जिथे उष्णता सर्वाधिक, त्या हेडच्या तोंडाशी निळा, त्यापुढे जांभळा आणि सर्वांत लांब फिकट पिवळा असायला हवा. क्रोमवर पारदर्शक केशरीला भरपूर थिनर घालून एक पट्टा द्यावा, हेडकडे सरकत पारदर्शक लाल आणि निळ्याचे मिश्रण, आणि अगदी तोंडाशी एक्स-२३ निळा. सारे मिळून एक-दीड सेंटिमीटरच्या आत राहू द्यावे. थोडेच चाललेल्या गाडीवर नुसता पिवळा पुरतो. चारही नळ्यांवर हे पट्टे तंतोतंत सारखे करू नयेत.

प्रमाणाचे गणित चाकांत आणि तारांत सर्वाधिक उपयोगी पडते. खऱ्या गाडीची लांबी २,१६० मिलिमीटर, म्हणून प्रतिकृती ३६० मिलिमीटरची. क्लच केबलचे बाहेरचे वेष्टण साधारण ६ मिलिमीटरचे असते, ते १ मिलिमीटर झाले पाहिजे. स्पार्क प्लगची ७ मिलिमीटरची तार १.२ मिलिमीटरच्या आत राहिली पाहिजे. आणि स्पोक अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. संचातले स्पोक जाड असतात आणि क्रोममुळे आणखी जाड दिसतात. मी रिमचा साचा कागदावर काढून, लाकडाच्या पाटीवर हब आणि रिम पक्के बसवून, जुने स्पोक कापून टाकतो आणि वाद्यांच्या दुकानात मिळणाऱ्या गिटारच्या ०.०२० इंची, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरच्या, पोलादी तारेचे स्पोक एकेक करून ओवतो. स्पोकांची संख्या आणि एकमेकांवरून जाण्याची तऱ्हा छायाचित्रात मोजून घ्यावी. डाव्या-उजव्या बाजूंच्या ओळी एकमेकींच्या विरुद्ध झुकलेल्या असतात. एका चाकाला मला दोन ते तीन संध्याकाळ लागतात. वेळ नसेल तर संचातलेच स्पोक ठेवावेत, पण त्यांच्यावर पातळ राखाडीचा हात देऊन त्यांची चमक रिमपेक्षा कमी करावी. जस्ताचा मुलामा क्रोमसारखा कधीच चमकत नाही, आणि रिम व स्पोक वेगळे दिसू लागले की चाकाला लगेच हलकेपणा येतो.

पुढची डिस्क डाव्या बाजूला असते. ती ड्रिलच्या तोंडात धरून सावकाश फिरवावी आणि १५०० चा पेपर हलकेच टेकवावा. पॅड जिथे घासतात तेवढ्याच पट्ट्यावर बारीक वर्तुळाकार चरे उमटतात. चेन डावीकडे आहे आणि तिला तेल मिळत राहते, त्यामुळे वापरलेल्या गाडीत मागच्या रिमच्या डाव्या बाजूवर तेलाचे गडद, चकचकीत शिंतोडे हवेत, उजवी बाजू त्यामानाने स्वच्छ. टायरच्या मध्यावरची साच्याची रेघ ३२० च्या पेपरने पूर्ण घासावी. त्याने रबराची कृत्रिम चमकही जाते आणि जमिनीवर चाललेला पट्टा आपोआप दिसू लागतो.

काळ्या रंगांपैकी फ्रेम चकचकीत असते, पण टाकीइतकी नव्हे, म्हणून एक्स-१८ अर्धचकचकीतवर पातळ जिलई पुरते. सीटला मंद काळा, आणि बसण्याची जागा मात्र बोटाने दोन-तीनदा चोळून किंचित चमकवलेली. केबलना रबरासारखा मळकट काळा. केबल ताणून बसवू नयेत. हँडल पूर्ण वळल्यावरही त्या ओढल्या जाणार नाहीत इतकी सैल कमान खऱ्या गाडीत ठेवलेली असते, आणि ती कमान नसली की सारी गाडी आखडलेली वाटते.

राहिली आपली टाकी. आपण तामियाचा ॲक्रिलिक लाल वापरला असल्याचे लिहिले आहे, ही सोय आहे. ९० टक्क्यांहून अधिक शुद्ध आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये टाकी रात्रभर झाकून ठेवावी. पॉलिस्टायरीनला त्याने इजा होत नाही, आणि सकाळी मऊ टूथब्रशने लाल थर सालीसारखा निघून येतो. बॅज बसण्याच्या खाचांत आणि झाकणाभोवती उरलेला रंग दात कोरायच्या लाकडी काडीने काढावा, धातूची सुई वापरू नये. टाकी धुऊन दोन दिवस वाळू द्यावी. जुना चंदेरी थर काही ठिकाणी टिकून राहिला तर त्यावरच नवे काम चढवण्याचा मोह होईल; तसे न करता १००० च्या पेपरने तो सपाट करून प्राइमरपासून आरंभ करावा. साइड पॅनेल, हेडलाइटची वाटी, कान आणि एअर बॉक्स हेही त्याच दिवशी अल्कोहोलमध्ये घालावेत, म्हणजे पुढच्या कोरड्या रविवारी सगळे भाग एका रांगेत काठ्यांवर उभे करून पहिली फेरी एकदमच देता येईल.